द्राक्ष आणि भाजीपाल्यातील औषधांचे अंश जागेवर तपासणारी किटे: भरवसा किती ठेवावा?

निफाडचा बागायतदार (प्रश्न)

नमस्कार. निफाड तालुक्यात आमची लहानशी शेतकरी उत्पादक कंपनी आहे. हंगामात द्राक्षे आणि उरलेले वर्षभर पालेभाजी, टोमॅटो, काकडी, कारली असा माल आम्ही पुण्यातील गृहनिर्माण सोसायट्यांना थेट पोहोचवतो. गेल्या वर्षापासून ग्राहक आवर्जून विचारू लागले आहेत की औषधे कोणती मारली, त्यांचा अंश मालात किती उरला आणि त्याचा पुरावा काय. मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत एका नमुन्याला काही हजार रुपये लागतात आणि अहवाल हाती येईपर्यंत मेथीची जुडी शिजवून, खाऊन संपलेली असते.

मागच्या आठवड्यात एक विक्रेते येऊन तीन वस्तू दाखवून गेले. पहिली म्हणजे लाल आणि पांढरी गोल टिकली असलेले कागदी कार्ड, ज्यावर भाजीचे पाणी टाकून पंधरा मिनिटांत निकाल वाचता येतो. दुसरी, गर्भचाचणीच्या पट्टीसारखी दिसणारी पट्टी. तिसरी, सुई असलेले पेनासारखे यंत्र, जे काकडीत खुपसले की पडद्यावर हिरवा किंवा लाल रंग येतो. त्यांचे म्हणणे असे की यांपैकी काहीही घेतले तरी क्रेटवर ‘रेसिड्यू-फ्री’ असे लेबल लावायला हरकत नाही.

संचालक मंडळात यावर दोन तट पडले आहेत. या साधनांनी नेमके काय कळते आणि कोणते घ्यावे, हे जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

अवशेष विश्लेषक

नमस्कार दादा. मी अनेक वर्षे अवशेष तपासणीच्या प्रयोगशाळेत काम केले आहे. आधी कार्डाविषयी लिहितो, कारण तिन्हींमध्ये तेच सर्वांत जुने आणि त्याच्याविषयीच सर्वाधिक गैरसमज आहेत.

कार्डाच्या पांढऱ्या टिकलीत कोलिनएस्टरेज नावाचे विकर, म्हणजे एन्झाइम, सुकवून बसवलेले असते. किडीच्या आणि आपल्याही मज्जातंतूंमध्ये हेच काम करणारे विकर असते. ऑर्गॅनोफॉस्फरस आणि कार्बामेट या दोन गटांतील कीटकनाशके त्याला जखडून ठेवतात आणि त्यामुळेच कीड मरते. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना शेतकरी आणि शेतमजुरांना विषबाधा होऊन मृत्यू झाले, ते आपल्याला आठवत असेल. अशा विषबाधेचा संशय आला की रक्तातील याच विकराची पातळी मोजतात. कार्डावर तीच गोष्ट कागदावर घडते. लाल टिकलीत एक रसायन असते, ते विकराने फोडले की निळा रंग येतो. भाजीच्या पाण्यात औषध नसेल तर विकर मोकळे राहते आणि पांढरी टिकली निळी होते. औषध असेल तर विकर बंद पडते आणि टिकली पांढरीच राहते. म्हणजे निळे आले तर ठीक, पांढरे राहिले तर संशय. पुष्कळ लोक हे उलटे वाचतात.

इथवर पद्धत उत्तम आहे. अडचण अशी की कार्ड औषध ओळखत नाही, फक्त विकर बंद पडले की नाही एवढेच सांगते. जे औषध या विकराला हातच लावत नाही, ते कार्डाला कधीच दिसणार नाही. सायपरमेथ्रिन, लॅम्डा-सायहॅलोथ्रिन यांसारखी पायरेथ्रॉइड्स, इमिडाक्लोप्रिड आणि थायामेथोक्झाम, क्लोरँट्रानिलिप्रोल आणि जवळपास सारी बुरशीनाशके त्याच्या नजरेबाहेर राहतात. कार्बेन्डाझिम रासायनिकदृष्ट्या कार्बामेटच्या कुळातले आणि मॅन्कोझेब डायथायोकार्बामेट असले, तरी नावावर जाऊ नका, विकर बंद पाडण्याचे काम ती करत नाहीत. क्लोरपायरिफॉस, क्विनॉलफॉस यांसारखी गंधक असलेली फॉस्फरसयुक्त औषधे मूळ रूपात या विकरावर फारच क्षीण परिणाम करतात. किडीच्या शरीरात त्यांचे ऑक्सिडेशन झाल्यावर ती खरी विषारी बनतात. म्हणून चांगल्या किटमध्ये ब्रोमीन किंवा तत्सम ऑक्सिडीकारकाची जादा पायरी दिलेली असते. ती पायरी नसलेले कार्ड क्लोरपायरिफॉस मारलेली कोबीसुद्धा सुखेनैव पास करू शकते.

आता संवेदनशीलता पाहू. चीनमध्ये भाजीबाजारात ही कार्डे सर्रास वापरली जातात आणि त्यांच्यासाठी तिथे २००३ सालचे राष्ट्रीय मानकच आहे. त्या मानकात कार्डाची शोधमर्यादा डायक्लोरव्हॉससाठी किलोला ०.३ मिलिग्रॅम, कार्बोफ्युरानसाठी ०.५ आणि ॲसिफेटसाठी ३.५ मिलिग्रॅम दिली आहे. आपल्याकडे अन्नसुरक्षा प्राधिकरणाने ज्या औषध-पीक जोडीसाठी वेगळी मर्यादा ठरवलेली नाही, तिथे सर्वसाधारणपणे ०.०१ मिलिग्रॅम धरली जाते आणि युरोपातही अशी सरसकट मर्यादा तेवढीच आहे. ०.०१ म्हणजे दहा कोटी भागांत एक भाग, एक टन द्राक्षांत सगळे मिळून १० मिलिग्रॅम. डायक्लोरव्हॉस त्याच्या तीसपट झाल्यावर कार्डाला पहिल्यांदा जाणवते, ॲसिफेट साडेतीनशेपट झाल्यावर. त्यामुळे टिकली पांढरी राहिली तर गांभीर्याने घ्या, पण निळी झाली म्हणून ‘रेसिड्यू-फ्री’ लिहाल तर ते खोटे विधान ठरेल आणि उद्या एखाद्या ग्राहकाने नमुना प्रयोगशाळेत दिला तर अडचणीत तुम्ही याल, विक्रेते येणार नाहीत.

पालेभाजी संकलन केंद्र

सरांनी शास्त्र सांगितले आहे, मी कार्डाचा दोन हंगामांचा अनुभव सांगते. आमचा महिला गट पालेभाजी गोळा करतो आणि रोज पहाटे पाच नमुने कार्डावर लावतो.

आमची कृती अशी आहे. भाजीवरची माती पुसून घ्यायची, तिचे साधारण एक सेंटिमीटरचे तुकडे करायचे, पाच ग्रॅम वजन करून बाटलीत घालायचे, त्यावर दहा मिलिलिटर बफरचे (आम्लता स्थिर ठेवणाऱ्या द्रावणाचे) पाणी ओतून पन्नास वेळा हलवायचे आणि दोन-तीन मिनिटे स्थिर ठेवायचे. वरच्या पाण्याचे दोन-तीन थेंब पांढऱ्या टिकलीवर टाकून दहा मिनिटे थांबायचे, मग कार्ड दुमडून लाल टिकली पांढरीवर दाबायची आणि तीन मिनिटे चिमटीत धरून ठेवायची.

पहिल्या वर्षी डिसेंबरात एका पहाटे पाचही नमुने ‘फेल’ गेले. त्यातली मेथी माझ्या स्वतःच्या वाफ्यातली होती आणि तिच्यावर मी काहीही मारलेले नव्हते. आम्ही तीन शेतकऱ्यांचा माल परत पाठवला आणि त्यावरून गावात जे बोलणे ऐकावे लागले, ते इथे लिहिण्यासारखे नाही. नंतर कारण कळले. त्या पहाटे शेडमध्ये एवढी थंडी होती की पाण्यात बोट घालवत नव्हते, आणि ही अभिक्रिया ३७ अंशांना चांगली चालते. थंडीत विकरच मंद झाले होते आणि म्हणून टिकली निळी होत नव्हती. पत्रकात लिहिले होते की प्रत्येक खेपेला एका कोऱ्या कार्डावर नुसते बफर टाकून ते निळे होते का ते पाहावे. खर्च वाचवण्यासाठी आम्ही नेमकी तीच पायरी गाळत होतो. आता कोरे कार्ड आधी लावतो, थंडीत कार्डे पदराखाली धरून ऊब देतो आणि कोरे कार्ड निळे होईपर्यंत दुसऱ्या कोणत्याही कार्डाचा निकाल लिहीत नाही.

दुसरी गोष्ट कोथिंबीर, कांद्याची पात, लसूण आणि मुळा यांची. यांच्या रसातील घटक स्वतःच त्या विकराला त्रास देतात, त्यामुळे औषध नसतानाही टिकली पांढरी राहू शकते. टोमॅटोच्या रसाचेही तसेच आहे. या भाज्या चिरायच्या नाहीत, अख्ख्याच बफरच्या पाण्यात बुडवून हलवायच्या आणि ते पाणी वापरायचे. हे आम्हाला विकणाऱ्याने सांगितले नव्हते.

एवढे करूनही कार्ड आमच्या कामाला आले आहे. एका शेतकऱ्याच्या पालकाचे कार्ड लागोपाठ तीन वेळा पांढरे राहिले. विचारल्यावर त्याने कबूल केले की शेजारच्या दुकानातून आणलेले कसलेसे सुटे औषध आदल्या दिवशी मारले होते. ती बाटली पाहिली तर तिच्यावर लेबलच नव्हते.

निफाडचा बागायतदार

सर आणि ताई, दोघांचेही मनापासून आभार. काल रात्री मी आमच्या एका प्लॉटची फवारणी-नोंदवही काढून बसलो आणि ऑक्टोबर छाटणीपासून आजपर्यंतचे प्रत्येक औषध सरांनी सांगितलेल्या कसोटीवर लावून पाहिले. डावणी या बुरशीरोगासाठी मेटालॅक्सिल-मॅन्कोझेब आणि डायमेथोमॉर्फ, भुरी या दुसऱ्या बुरशीरोगासाठी हेक्साकोनाझोल, टेब्युकोनाझोल आणि गंधक, मिलीबगसाठी बुप्रोफेझिन, फुलकिड्यांसाठी इमामेक्टिन आणि लॅम्डा, त्याशिवाय मण्याच्या फुगवणीसाठी जीए, म्हणजे जिबरेलिक ॲसिड हे संजीवक. या यादीत कार्डाला दिसेल असे मला एकही औषध सापडले नाही. म्हणजे आमच्या द्राक्षांचे कार्ड रोज निळेच येणार आणि त्यातून मला काडीचीही माहिती मिळणार नाही, हे माझे अनुमान बरोबर आहे का? मग पट्टी आणि पेन यांचे काय?

जैवसंवेदक संशोधक

अनुमान बरोबर आहे. पट्ट्यांवर मी पीएच.डी.चे काम करत आहे, म्हणून त्यांच्याविषयी लिहितो.

पट्टीत विकर नसून प्रतिपिंड, म्हणजे अँटिबॉडी, असते आणि ती एका ठराविक रेणूला, फार तर त्याच्या जवळच्या नातलगांना, ओळखते. तिला जोडलेल्या सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांमुळे रेघ लालसर दिसते. कीटकनाशकाचे रेणू लहान असल्यामुळे दोन प्रतिपिंडांनी त्याला दोन्हीकडून पकडता येत नाही, म्हणून या पट्ट्या स्पर्धात्मक पद्धतीने बनवतात. पट्टीवर चाचणीच्या जागी आधीच औषधाचे रेणू बांधलेले असतात. नमुन्यात औषध नसेल तर प्रतिपिंडे तिथे जाऊन चिकटतात आणि रेघ उमटते. नमुन्यात औषध असेल तर प्रतिपिंडे वाटेतच अडकतात आणि रेघ फिकी पडते किंवा नाहीशी होते. शेजारची दुसरी, नियंत्रणाची रेघ पट्टी नीट चालल्याची खूण म्हणून दोन्ही वेळा उमटते. म्हणजे दोन रेघा आल्या तर माल चांगला आणि एकच आली तर औषध आहे. करोनाच्या आणि गर्भाच्या चाचणीने आपल्या डोळ्यांना नेमकी उलटी सवय लावली आहे. आमच्याच प्रयोगशाळेत नव्या विद्यार्थ्याने आठवडाभराचे निकाल उलटे नोंदवले होते, तेव्हा शेडमध्ये काम करणाऱ्यांना दोष देण्यात अर्थ नाही. पट्ट्यांच्या डब्यावरच मोठ्या अक्षरांत ‘दोन रेघा = पास’ असे लिहून ठेवावे.

चांगल्या पट्टीची संवेदनशीलता कार्डापेक्षा पुष्कळ जास्त असते आणि इमिडाक्लोप्रिड किंवा कार्बेन्डाझिम यांसाठी पट्ट्या बनतात. मात्र एक पट्टी एकाच औषधाला उत्तर देते. तुमच्या यादीत दहा औषधे असतील तर दहा पट्ट्या लागतील, आणि त्यातल्या निम्म्या औषधांसाठी पट्टी बाजारात मिळेलच असे नाही. शिवाय द्राक्षाचा रस आंबट आणि गोड असतो, त्यामुळे तो बफरने पातळ न करता थेट टाकला तर रेघेचा रंग भरवशाचा राहत नाही. ज्या औषधाची तुम्हाला विशिष्ट धास्ती आहे, उदाहरणार्थ शेजारच्या प्लॉटमधून उडून येणारे एखादे औषध, त्याच्यापुरती पट्टी उपयोगी पडेल.

हातात मावणारे रामन यंत्र नावाचा आणखी एक प्रकार आहे, ज्यात सोन्या-चांदीच्या कणांवर नमुना ठेवून लेझरचा प्रकाश टाकतात आणि परतणाऱ्या प्रकाशावरून रेणूचा ठसा ओळखतात. थायरमसारखी गंधक असलेली बुरशीनाशके धातूला घट्ट चिकटतात, म्हणून त्यांचा ठसा सुरेख मिळतो आणि शोधनिबंधांत तीच उदाहरणे पुन्हा पुन्हा येतात. जी औषधे धातूला चिकटत नाहीत, त्यांच्या बाबतीत चित्र एवढे सुरेख नाही. मण्यावरचा पांढुरका मेणकट थर आणि रसातील साखर-रंगद्रव्ये यांचा गोंधळ वेगळाच असतो. किंमत पाहता उत्पादक कंपनीने सध्या त्या वाटेला जाऊ नये असे मला वाटते.

पेनाविषयी थोडक्यात. असे जे यंत्र मी उघडून पाहिले आहे, ते सुईच्या दोन टोकांमधली विद्युतवाहकता मोजते आणि त्यावरून नायट्रेटचा अंदाज बांधते. कीटकनाशकाच्या एवढ्या सूक्ष्म अंशाने काकडीची विद्युतवाहकता बदलत नाही. त्यावर पैसे घालवू नका.

पॅकहाऊसमधला

एवढ्या चर्चेत २०१० सालाचा उल्लेख नाही म्हणून लिहितो. त्या हंगामात युरोपात गेलेल्या आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइड, म्हणजे बागायतदार ज्याला सीसीसी किंवा लिहोसीन म्हणतात ते वाढनियंत्रक, मर्यादेपेक्षा जास्त सापडले आणि कंटेनर अडकले. निर्यातीच्या बागांची नोंदणी आणि प्रयोगशाळेतील तपासणी यांची साखळी जोडणारी अपेडाची (शेतमाल निर्यातीचे काम पाहणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेची) ‘ग्रेपनेट’ व्यवस्था २००६ पासून चालू होती, माल तपासूनच गेला होता, तरीही हे घडले, कारण जे शोधलेच जात नव्हते ते सापडणार कसे? तेव्हा आमच्या शेडमध्ये पॅक केलेले पाच किलोचे खोके पुन्हा फोडून स्थानिक बाजाराच्या क्रेटमध्ये ओतताना मी पाहिले आहेत. तुमच्या कार्डाची आणि त्या वेळच्या प्रयोगशाळेची गोष्ट मुळात एकच आहे.

अवशेष विश्लेषक

पॅकहाऊसवाल्या मित्राचा मुद्दा महत्त्वाचा आहे, म्हणून तो पुरा करतो. आज बहुतेक प्रयोगशाळा २००३ साली प्रसिद्ध झालेल्या ‘केचर्स’ पद्धतीने किंवा तिच्यासारख्या पद्धतीने नमुन्याचा अर्क काढतात आणि मास स्पेक्ट्रोमीटरवर एकाच वेळी शेकडो औषधे शोधतात. तरीही पाण्यात अतिशय विरघळणारी क्लोरमेक्वाट आणि ग्लायफोसेटसारखी द्रव्ये त्या अर्कात नीट उतरत नाहीत, त्यांच्यासाठी वेगळा अर्क काढावा लागतो. मॅन्कोझेबच्या गटाचीही परीक्षा निराळी असते, त्यात नमुना आम्लाबरोबर तापवून निघणारा कार्बन डायसल्फाइड वायू मोजतात. म्हणून प्रयोगशाळेला नुसते ‘सगळे तपासा’ असे सांगू नका. फवारणीची नोंदवही नमुन्यासोबत द्या आणि यातले काय-काय तुमच्या यादीत आहे, असे लेखी विचारा. अहवाल आल्यावर आधी यादी वाचावी, मग आकडे.

नमुन्याविषयीही सांगतो. कार्डावर पाच ग्रॅम जातात. प्रमाणित पद्धतीत द्राक्षाचा प्रयोगशाळेत द्यायचा नमुना किमान पाच घडांचा आणि दोन किलोंचा असतो, आणि ते घड प्लॉटच्या वेगवेगळ्या ओळींतून, उन्हाच्या आणि सावलीच्या दोन्ही बाजूंनी घ्यायचे असतात. फवारणीचा ब्लोअर ज्या टोकाला वळतो, तिथे फवारा दुहेरी बसतो, हे तुम्ही माझ्यापेक्षा चांगले जाणता. घराजवळच्या ओळीतला एक देखणा घड कापून आणला, तर कितीही महाग यंत्र वापरा, उत्तर त्या घडापुरतेच राहील.

तुमच्यासाठी माझा सल्ला असा. द्राक्षासाठी किट घेऊ नका. मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राच्या शिफारशीत, बागायतदार ज्याला ‘ॲनेक्श्चर पाच’ म्हणतात त्यात, प्रत्येक औषधापुढे काढणीपूर्व प्रतीक्षा काळ, म्हणजे शेवटची फवारणी आणि काढणी यांत किती दिवस जाऊ द्यायचे ते, दिलेला असतो. तो पाळून, काढणीच्या आधी प्लॉटनिहाय एकदा प्रयोगशाळेत तपासणी करा. पालेभाजीसाठी मात्र कार्ड घ्या, ऑक्सिडेशनची पायरी असलेलेच घ्या. पालेभाजीत धोका बहुधा जुन्या, जहाल आणि स्वस्त औषधांचा असतो. फोरेट, ट्रायझोफॉस आणि डायक्लोरव्हॉस यांच्यावर देशात २०२० अखेरपासून बंदी आहे, तरी जुने साठे आणि लेबल नसलेल्या बाटल्या गावात फिरतात, हे ताईंनी लिहिलेच आहे. नेमके तेच गट हे विकर पकडते.

निफाडचा बागायतदार

आज बैठक झाली. पेन परत केले. पालेभाजीसाठी कार्डे घेण्याचे ठरले असून रोजच्या हिशेबात कोऱ्या कार्डाचा खर्च धरला आहे. द्राक्षासाठी प्रत्येक प्लॉटचा एक नमुना प्रयोगशाळेत जाईल आणि त्याचा खर्च कंपनी व बागायतदार निम्मा-निम्मा सोसतील. एका सभासदाने खर्चावरून बराच वाद घातला, पण सरांचा ब्लोअर वळण्याचा मुद्दा वाचून दाखवल्यावर तोच म्हणाला की त्याच्या प्लॉटच्या पूर्वेकडच्या टोकाचा नमुना वेगळा काढावा. क्रेटवर ‘रेसिड्यू-फ्री’ न लिहिता शेवटच्या फवारणीची तारीख, औषधाचे नाव आणि काढणीची तारीख अशा तीन ओळी छापणार आहोत.

ताई, कोथिंबिरीच्या अख्ख्या जुडीला बफरचे पाणी किती घ्यायचे, तेवढे सांगा.

पालेभाजी संकलन केंद्र

दादा, आम्ही पूर्ण जुडी घेत नाही. पाच ग्रॅम काड्या न चिरता घेतो, मुळे कापून टाकतो आणि कापलेले टोक पाण्याबाहेर राहील असे धरतो, म्हणजे रस उतरत नाही. पाणी तेच दहा मिलिलिटर. बाटलीऐवजी रुंद तोंडाची वाटी घ्या, काड्या नीट बुडतात.